आखितीच्या ताटातली गोळी

गुरुवार, २५ एप्रिल २०१९

सोसायटीनं औंदा दूध घालणाऱ्या सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. दुष्काळानं दूध आटलं, पण डायऱ्या आधीच छापून झाल्या होत्या म्हणे. पहिल्या पानावर चेअरमन हात जोडून उभे आहेत. त्यांना म्हणलं, बसा आता, मी लिहिणार आहे.

मी बायनाबाई. राहणार वडवणीच्या बाजूचं एक खेडं, पण सध्या राहणार छावणी. सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी घातली आहे. तिथं चारा मिळतो, टँकरचं पाणी मिळतं, म्हणून म्हैस तिथं. म्हैस तिथं म्हणून मी तिथं. पोरगा शहादेव आणि सून ऊस तोडून परत आलेत, ते गावात घर बघतात. त्यांना म्हणलं, तुमच्या टीव्हीपेक्षा मला हिचं रवंथ करणं बरं वाटतं.

खरंच वाटतं. दुपारी उन्हानं सगळी माणसं पालाखाली आडवी होतात आणि शेकडो जनावरांची तोंडं एका लयीत हलत राहतात. डोळे मिटले की लांबच्या ओढ्याला पाणी आल्यासारखं ऐकू येतं. उघडले की ओढा नाही. म्हणून मी मिटलेलेच ठेवते.

लिहायला मला माझ्या नातीनं शिकवलं. अयोध्या तिचं नाव. आई-बाप ऊसतोडीला गेले की ती माझ्याजवळ राहायची, आणि शाळेतून आली की मला विद्यार्थी करायची. चुकले की कान धरायची. आता ती बीडला मोठ्या दवाखान्यात भुलीची डॉक्टरीण व्हायला शिकते. भुलीची म्हणजे माणसाला झोपवायची. म्हणलं, एवढं शिकून झोपवायचंच, ते तर मी तुला बिनशिकता करत होते. लई हसली.

रात्री भाकरी झाली की ह्यांची गोळी घेते. ह्यांची म्हणजे अयोध्याच्या आज्याची. नाव तोंडानं घेत नाही तर लिहू कावून? पौषात झोपेतच गेले. त्याच्या आधीच्या साली त्यांच्या छातीत डॉक्टरांनी बारीक स्प्रिंग बसवली होती. तेव्हापासून रोज जेवण झालं की मी एका हातात तांब्या आणि एका हातात गुलाबी गोळी घेऊन उभी. ते गेले आणि गोळ्या डबाभर राहिल्या. दहाव्याच्या रात्री सवयीनं गोळी काढली, तांब्या भरला, आणि बघते तर घेणारं कुणी नाही. हातातली गोळी खाली ठेववेना. मग मीच घेतली. तेव्हापासून घेते. कडू नाही. आणि घेतली की त्यांचं जेवण झालं असं वाटतं.

पलीकडच्या पालात दगडाबाई असते. ती म्हणते, "बायना, तुझ्या हातावर हे निळे डाग कशाचे गं?"

म्हणलं, "म्हैस ढुसणी देती."

"माझी बी देती. मला न्हाई पडत."

"तुझ्यावर जीव न्हाई तिचा."

मंगळवार, ३० एप्रिल

टँकर आला नाही. मिसरी लावताना हिरडीतून रक्त आलं, थुंकून थुंकून दमले तरी थांबेना. ही नवीन मिसरी चांगली नाही. दुकानदार बदलला पाहिजे.

रविवार, ५ मे. बीड, दवाखाना

पडले.

अख्ख्या तालुक्यात चिखल नाही, आणि मी चिखलात घसरून पडले. हौदाजवळ टँकरची नळी गळत होती, तेवढंच ओलं. म्हैस अंगावर रेलली आणि पाय गेला. खुब्याचं हाड मोडलं. दगडाबाईनं आरडाओरडा करून सोसायटीचा दुधाचा टेम्पो आणवला, रिकाम्या कॅनांच्या मधे मला वाकळेवर घातलं आणि बीडला आणलं. वाटेत कॅन एकमेकांवर आपटत होते, जत्रेतून चालल्यासारखं. दुखत होतं, नाही कशाला म्हणू, पण वर आभाळ असं निळं निळं सरकत होतं की मी माझ्याच डोळ्यानं त्याच्यात पडत गेले.

आणि इथं आल्यावर काय सांगू! खाटेवर पांढरी चादर. कोपऱ्यात नळ. सोडला की पाणी येतं, टँकर नाही, रांग नाही. शेजारच्या बाईचा नातेवाईक हात धुतो तेव्हा मी नुसती बघत राहते.

अयोध्या पळत आली. पांढरा कोट, गळ्यात ते ऐकायचं यंत्र. सगळ्या खाटांकडं बघून मी मोठ्यांदा म्हणलं, "ही माझी नात हाय."

"आज्जे, हळू बोल."

"कावून हळू? चोरून आणली का तुला?"

नर्सबाईनं विचारलं, बीपी, शुगर, काही औषध चालू आहे का? म्हणलं, मला काय धाड भरली? अयोध्या म्हणाली, "सिस्टर, माझी आजी डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही. कपाळाला सुंठ लावते." खरं आहे. औषध कधी घेतलं नाही.

मग तिनं माझा हात उलटा-सुलटा करून बघितला. डाग दाबून बघितले.

"हे पडल्यावर झाले का?"

"आधीचे. म्हैस."

भुवया जवळ आल्या तिच्या, गणित सुटत नसलं की यायच्या तशा.

रात्री जेवणानंतर कनवटीच्या बटव्यातली ह्यांची गोळी घेतली. नळाच्या पाण्यानं.

सोमवार, ६ मे

आज मी माझं रक्त चित्र काढताना बघितलं.

झालं असं. सकाळच्या तपासणीत रक्तातल्या कसल्याशा पेशी थोड्या कमी निघाल्या. प्लेटलेट म्हणतात. रक्त थांबवायला त्याच लागतात. त्यात हातावरचे डाग. म्हणून अयोध्या म्हणाली, मशीनवर लावून बघू. हे मशीन एका सहकारी पतसंस्थेनं दवाखान्याला भेट दिलं आहे, वर पाटी आहे. एक्स-रे काढून माघारी येताना तिनं माझी ढकलगाडी त्या खोलीत नेली, कारण मी म्हणलं, माझं रक्त हाय, मला बघू दे.

इवलीशी वाटी. तिच्यात माझं रक्त, चमचाभर सुद्धा नाही. वाटी अशी हळूहळू डोलते, झोळीतल्या लेकरासारखी. आणि पडद्यावर एक रेघ चालते.

"आता बघ," अयोध्या म्हणाली. "रेघ सरळ हाय तोवर रक्त पातळ हाय. गोठायला लागलं की रेघेच्या दोन होतील."

मी बघत राहिले. रेघ सरळ, सरळ, माळावरच्या वाटेसारखी, कुणी येत नाही, कुणी जात नाही. खोलीत गार वारा, यंत्राची बारीक घरघर, आणि माझे डोळे जड व्हायला लागले. तेवढ्यात रेघ उकलली. एक वर गेली, एक खाली, मधे जागा झाली आणि ती जागा रुंदावत चालली. आडवी घागर ठेवल्यासारखं, आधी अरुंद गळा आणि मग पोट.

"अगं, हे तर विरजण," मी म्हणलं. "लागलं का, किती घट्ट लागलं, तेच बघता की तुमी."

"तसंच. गळा लांबला तर गोठायला उशीर लागतोय. पोट बारीक झालं तर गोठतंय पण कच्चं. आणि पोट होऊन पुन्हा रेघा जवळ आल्या तर गोठलेलं विरघळतंय. दर वेळी औषध वेगळं द्यावं लागतं."

"आणि माझं?"

तिच्याऐवजी मागून थोरले डॉक्टर बोलले. हे तिचे गुरुजी. टक्कल, पोट, आणि डोळे असे की आता हसतील. "आजी, तुमच्या रक्तानं घागर सुरेख काढली आहे. कुंभार बसवला काय आत?" मला लई आनंद झाला. सत्तरीत कोण म्हणतं बाईला, तुझं रक्त सुरेख!

पण अयोध्या तिथंच उभी. "सर, चित्र चांगलं आहे. पण काल सुई टोचली तिथून अजून पाझरतंय."

"म्हातारी कातडी आहे गं."

"असेल. पण हे मशीन रक्ताला आधी जोराचा धक्का देतं ना? त्या धक्क्यानं झोपलेल्या पेशीसुद्धा उठतात आणि कामाला लागतात. अंगात तसा धक्का कुठला. पेशी एखाद्या गोळीनं झोपवल्या असतील तर ते ह्या चित्रात दिसणार नाही."

"बरोबर. पण तशी गोळी त्या घेतात का?"

"नाही. कुठलीच घेत नाही."

"मग?"

"मग काही नाही, सर."

ठरलं. परवा बुधवारी सकाळी ऑपरेशन. पाठीत सुई देऊन कंबरेखाली बधीर करणार, मी जागीच राहणार. म्हणलं बरं झालं, बघता येईल.

संध्याकाळी अयोध्या खाटेवर बसली. चेहरा उतरलेला. विचारलं, एवढं काय बघतेस गं माझ्या रक्तात? तर म्हणाली, "आज्जे, ती सुई मणक्याजवळ जाती. तिथं रक्त वाहिलं आणि थांबलं न्हाई तर ते आतच साचतं, नसा दाबतं. मग दोन्ही पाय कायमचे जाऊ शकतात. हाड बसवायला आणायचं आणि पाय घालवून घरी पाठवायचं, असं मला तुझं करायचं न्हाई."

म्हणलं, सरांनी सांगितलं ना घागर चांगली आहे म्हणून. माणसानं कुठंतरी भरवसा ठेवावा. तिचा हात हातात घेतला. किती गार हात. बोटं लांब झालीत तिची.

ती गेल्यावर ह्यांची गोळी घेतली. झोप चांगली लागली. झोपेत सगळी छावणी पडद्यावरच्या रेघेवरून एका रांगेत चालली होती, म्हैस पुढं.

मंगळवार, ७ मे. आखिती

ह्यांची पहिली आखिती. पितरांना घागर भरायचा दिवस. घरी शहादेव भरणारच, त्याला फोन करून सांगितलं, टँकरच्या पाण्यानं भर पण काठोकाठ भर, अर्धी ठेवू नको. पण माझ्या मनाला चैन पडेना. मी इथं नळाच्या पाण्याजवळ आणि त्यांच्यापुढं मी काही ठेवायचं नाही?

दुपारी दगडाबाई छावणीतून आली. म्हैस तिच्या पोरीजवळ ठेवली म्हणे. माझ्यासाठी डब्यात आमरस, दोन पोळ्या, तळलेली कुरडई आणि पळसाची पत्रावळ. नर्सबाईचा डोळा चुकवून आम्ही जेवणाच्या लोखंडी टेबलावर पत्रावळ मांडली. रस, पोळी, कुरडई. फुलपात्रात नळाचं पाणी. मग मला आठवलं. रस-पोळी खातील, पण मागून गोळी कोण देणार? म्हणून बटव्यातून काढली आणि पत्रावळीच्या कडेला, मीठ वाढतात तिथं ठेवली. हात जोडले. दगडाबाईनंही जोडले.

डोळे मिटले तर ते आलेच. धोतराचा सोगा हातात धरून, छावणीच्या वाटेनं, चपला न वाजवता. रस बघून म्हणाले, केसर हाय का गावरान?

"आज्जे, हे काय?"

डोळे उघडले तर अयोध्या. मला वाटलं ताटावरून रागावली. म्हणलं, "तुझ्या आज्याला वाढलंय. उचलते लगेच."

"ते असू दे. ही गोळी कुठली?"

"त्यांचीच."

"त्यांची इथं कशी?"

"बटव्यात होती."

ती खाली बसली. एकदम हळू आवाजात बोलायला लागली, लेकरू झोपलं असताना बोलतात तशी. "बटव्यात कावून असती ती?"

"रातच्याला लागती ना मला."

"तू खातीस?"

"त्यांच्या वाटची. पडून राहिल्या होत्या, वाया कशा घालवायच्या? आणि तसं न्हाई गं, हातात आली की ठेववत न्हाई."

"कधीपास्नं?"

"ते गेल्यापास्नं."

"काल?"

"काल बी. नळाच्या पाण्यानं."

अयोध्यानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग म्हणाली, "आज्जे, तुला विचारलं होतं ना, औषध चालू हाय का?"

"ते औषध नव्हं, माय. ती ह्यांची गोळी हाय."

तिनं ती गोळी पत्रावळीवरून उचलली, दिव्याकडं धरून बघितली आणि तळहातावर ठेवून तशीच बसली. डोळ्यातून पाणी गळायला लागलं. आज्याची आठवण आली बिचारीला. लई लाडकी होती त्यांची. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

मग थोरले डॉक्टर आले. दोघं माझ्यासमोरच बोलत होते. मला कळलं ते एवढं: ह्यांच्या छातीतली स्प्रिंग तुंबू नये म्हणून ती गोळी प्लेटलेटना झोपवत होती, आणि माझ्याही झोपवून ठेवल्यात. मशीननं धक्का दिला म्हणून त्या तेवढ्यापुरत्या उठल्या आणि घागर काढून दाखवली. हिरडीचं रक्त, हाताचे डाग, सगळं त्या गोळीचं. मी मिसरीवाल्याला उगाच नावं ठेवली.

"उद्या सुई दिली असती मी," थोरले डॉक्टर म्हणाले. हसणारे डोळे हसत नव्हते. "चित्र बघून दिली असती."

"थांबायचं का, सर? गोळी उतरेपर्यंत?"

"आठवडा जाईल. ह्या वयात मोडक्या खुब्यानं आठवडाभर पडून राहिल्या तर छाती भरेल. नाही. उद्याच करू. पण पाठीत सुई नाही. पूर्ण भूल. आणि प्लेटलेटच्या पिशव्या मागवून ठेव, हाताशी."

म्हणजे आता मी पूर्ण झोपणार. बघायला मिळणार नाही, त्याचं थोडं वाईट वाटलं.

ते गेल्यावर दगडाबाईनं कपाळाला हात लावला. "बायना, जिता असताना तुझा नवरा कधी वेळेवर आला न्हाई. बाजाराला गेला की दिवे लागल्यावर यायचा. आज कसा नेमका आला बघ."

"रसासाठी आला," मी म्हणलं.

बुधवार, ८ मे. सकाळ

अयोध्यानं बटव्यातल्या सगळ्या गोळ्या काढून नेल्या. गावाकडचा डबाही शहादेवला आणायला सांगितला. काल रात्री जेवण झालं, आणि काही नाही. तांब्या तेवढा भरून उशाला ठेवला. बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. पाण्यात खिडकी दिसत होती, खिडकीत चांदणी.

शहादेव आणि सून बाहेर बसलेत. शहादेव नारायणगडाचा अंगारा घेऊन आला, माझ्या कपाळाला लावून गेला. अयोध्या डोक्याशी उभी राहणार आहे. भूल थोरले डॉक्टर देणार, आपल्या माणसाला आपण द्यायची नसते म्हणे. तिला म्हणलं, हात खिशात कोंबून कावून उभी? ती म्हणाली, थंडी वाजतीय. मे महिन्यात.

आता नेतील. खाली लिहायला जागा सोडते.

शनिवार, ११ मे

सोडलेली जागा पुरणार नाही, पान उलटलं.

झोप कशी होती सांगते. नव्हतीच. थोरले डॉक्टर म्हणाले, आजी, गावाचं नाव सांगा, आणि मी धारूर म्हणायला गेले. माझं माहेर. किल्ल्याच्या खाली. धा म्हणलं आणि रूर म्हणायच्या आत कुणीतरी म्हणालं, आजी, झालं. मधे सगळं गेलं. पण त्या धा आणि रूरच्या मधे मी कुठंतरी होते खास, कारण उठले तेव्हा पायांना गार लागत होतं, वाहत्या पाण्यात उभी राहून आल्यासारखं.

अयोध्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. हाड बसवताना रक्त जरा जास्तच जायला लागलं. पुन्हा मशीनवर लावलं. चित्र तेव्हाही चांगलंच. थोरल्या डॉक्टरांनी चित्राकडं बघितलं, मग जखमेकडं बघितलं, आणि म्हणाले, पिशवी लावा. प्लेटलेटची पिशवी पिवळी असते, डाळीच्या वरच्या पाण्यासारखी. रक्त म्हणतात तिला, पण पिवळी! कुण्या अनोळखी माणसाच्या जाग्या पेशी माझ्या झोपलेल्यांच्या मधे येऊन बसल्या आणि रक्त धरलं. कोण असेल तो? बीडचाच असेल. बाजारात समोरून गेला तर ओळखायची पण नाही मी.

"पाठीत सुई दिली असती तर?" मी विचारलं.

"दिली न्हाई ना," ती म्हणाली, आणि उशीची खोळ नीट करायला लागली. नीटच होती.

रात्री माझ्याच खाटेच्या कडेला बसून ती झोपली, डोकं माझ्या हातावर टाकून. हाताला मुंग्या आल्या पण काढला नाही. दगडाबाई म्हणते, पोरगी तीन दिवस जेवली नाही धड. मी म्हणते परीक्षा जवळ आली असेल.

तर आज. सकाळी अयोध्या चार पायांची काठी घेऊन आली. माझ्या डाव्या-उजव्या पायांची बोटं हलवून घेतली, तळव्याला नख लावून विचारलं, कळतंय का? म्हणलं, गुदगुल्या करू नको.

"उठायचं," ती म्हणाली.

शहादेवनं पाठीमागून धरलं. फरशी अशी गार, अशी गुळगुळीत. खोली एकदा गरकन फिरली, माणसं, खाटा, खिडकी, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हललं आणि हळूहळू आपापल्या जागी जाऊन बसलं. मी उभी होते. खिडकीतून गुलमोहर दिसला. इतके दिवस पडून नुसता पंखा बघत होते, बाहेर एवढं लाल फुललंय हे कुणी सांगितलं नाही.

"पाय टाक, आज्जे."

"कोणता?"

"मोडलेला."

"मोडका म्हणू नको त्याला. ऐकतोय तो."

टाकला. दुखलं, लई दुखलं, खोटं कशाला लिहू. मग दुसरा टाकला. अयोध्या माझ्या समोर, तोंड माझ्याकडं करून, उलटी उलटी चालत होती. दोन्ही हात पुढं केलेले, पण मला लावत नव्हती. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. शहादेव मागून म्हणाला, "माय, बास आता." कोण बास करतंय! शेजारची बाई उठून बसली बघायला. नर्सबाई थांबली. चालत चालत अशी आले दारापर्यंत, तर अयोध्या दारातच उभी राहिली, आणि रडायला लागली, सगळ्यांच्या समोर, एवढी मोठी डॉक्टरीण.

म्हणलं, "रड बाई, पण बाजूला उभी राहून रड. दार अडवू नको."